हिरवळीचा चोर

श्रावण-भाद्रपदांत, पाऊस भरपूर असूनहि अंगणांतील हिरवळ ठिकठिकाणीं पिवळी पडूं लागली कीं घरांत न्यायसभा भरते. आजीबाईंचा संशय मुंग्यांवर, सूनबाईंचा वाळवीवर, मुलांचा अर्थातच भुतावर! कावळे-साळुंक्या तेथें चोंची खुपसतांना दिसतात, म्हणून शिक्षा बहुधा त्यांनाच होते. वास्तविक ते शिपाई. चोर जमिनीखालीं असतो.

विष शिंपण्यापूर्वीं त्याचें तोंड पाहावें, असें आम्हांस वाटतें. कारण त्याच हरळींतून गणपतीसाठीं २१ दूर्वांची जुडी खुडावयाची असते, व तेथेंच नातवंडें लोळतात. पिवळें गवत मुठींत धरून ओढावें. चटईसारखें अलगद हातीं आलें, तर मुळें कुरतडलीं गेलीं हें उघड आहे. मग वीतभर माती उकरावी. पांढुरकी, तपकिरी डोक्याची, अर्धचंद्राकृति अळी सांपडली कीं ती हुमणी. साबणाचें पाणी ओतल्यास लष्करी अळी वर येते. ही मात्र कुंभकर्णाच्या कुळांतली, खोदल्यावांचून दर्शन देत नाहीं! सांपडतील त्या अळ्या वेंचून पक्ष्यांपुढें टाकाव्या.

हिचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुनिंब-बाभळीवर जमतात. तेव्हां फांद्या हालवून खालीं पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यांत टाकावे. एक मादी सुमारें ५०-६० अंडीं घालते. मुलांना हा हिशेब सांगितला कीं तीं हें काम हौसेनें करतात.