आठ ठिपक्यांची रांगोळी

मोबाइलच्या पडद्यामागे आपण नातवंडाचा फोटो लावतो आणि त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटत नाही. पण १९८४च्या जानेवारीत अ‍ॅपल कंपनीने मॅकिंटॉश बाजारात आणला, तेव्हा त्याच्या पडद्यामागे चित्र लावणं परवडणारं नव्हतं. पैशाच्या नव्हे, जागेच्या हिशेबाने.

हा हिशेब सोपा आहे. त्या नऊ इंची पडद्यावर आडवे ५१२ आणि उभे ३४२ ठिपके होते. ठिपका एक तर काळा, नाही तर पांढरा. मधला रंगच नाही. असे आठ ठिपके एका बाइटमध्ये मावतात. म्हणजे सगळा पडदा २१,८८८ बाइटचा झाला. यंत्राची एकूण मेमरी १२८ किलोबाइट, त्यातला सहावा हिस्सा नुसत्या पडद्यानेच खाल्ला. मागे लावायला तेवढंच आणखी एक चित्र सांभाळायचं, तर दुसरा सहावा हिस्सा गेला. मग काम कशात करायचं?

यावरचा तोडगा आपल्या बायकांना शिकवावा लागला नसता. ठिपक्यांच्या रांगोळीत एक नक्षी येते आणि तीच शेजारी शेजारी मांडत अंगण भरतं. मॅकिंटॉशने तेच केलं. आठ बाय आठ ठिपक्यांचा एक चौकोन घ्यायचा आणि फरशी बसवावी तसा पडदाभर बसवायचा. एका ओळीचा एक बाइट, आठ ओळींचे आठ. एकवीस हजारांचं काम आठात! खिडकी सरकवली की मागचा उघडा पडलेला भाग यंत्र या आठ बाइटांवरून पुन्हा रंगवत असे.

मुळातली पार्श्वभूमी करड्या रंगाची दिसायची. खरं तर करडा रंग तिथे नव्हताच. एक ठिपका काळा, एक पांढरा, पुढच्या ओळीत उलट. बाकीचं मिश्रण आपला डोळा करतो. वर्तमानपत्रातला फोटो भिंगातून पाहिलाय ना, तसंच.

मला कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. ही नक्षी बदलायची मुभा कंपनीने मालकाच्या हाती दिली होती. ‘कंट्रोल पॅनेल’ उघडलं की एका चौकटीत ते चौसष्ट ठिपके मोठे करून दाखवलेले असत. माउसने टिचकी मारली की काळ्याचा पांढरा, पांढऱ्याचा काळा. शेजारच्या छोट्या पडद्यावर नक्षी कशी दिसेल ते लगेच कळे. पसंत पडली की त्या छोट्या पडद्यावर टिचकी, की सगळा पडदा बदलला. तिथलं बरंचसं काम शब्दांवाचून होई. कळफलकाचा वेग ठरवायला तर ससा आणि कासव काढले होते! या यंत्राची बरीच चित्रं सुसान केअर या कलावतीची. आरंभी ती चौकटींच्या वहीत एकेक घर भरून चित्र बेतत असे.

चौसष्ट ठिपक्यांत असं कितीसं करता येणार, असं वाटेल. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट आठवा. पहिल्या घरात एक, मग दोन, मग चार. चौसष्ट घरांवर जितके दाणे होतात, त्याहून बरोबर एक जास्त इतक्या नक्ष्या इथे काढता येतात. अर्थात त्यातल्या बहुतेक बघवणार नाहीत.

ही निवडलेली नक्षी ज्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू होई, त्या फ्लॉपीवर साठवली जाई. त्यामुळे एका घरात दोघांच्या दोन फ्लॉप्या असतील, तर यंत्र एकच, पण पडदे दोन.

हे मी सांगतोय त्याला कारण आहे. छपाईचा छोटा व्यवसाय असलेले माझे एक स्नेही वारले. त्यांचा मॅक प्लस वहिनींनी माझ्याकडे दिला. हे १९८६चं मॉडेल. मेमरी जास्त, पडदा तोच. सोबत एकच फ्लॉपी. फ्लॉपीवरचं चुंबकीय लिखाण वर्षांगणिक विरत जातं, त्यामुळे ती चालेल याची खात्री नव्हती. चालली. पण पडदा करडा नव्हता. लहान लहान चौकटी, तिरक्या उभ्या, प्रत्येकीच्या पोटात एक ठिपका. वहिनींना बोलावून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, ही तर माझ्या खणावरची बुट्टी. मला कधी बोलले नाहीत.”

ती फ्लॉपी किती दिवस टिकेल कोण जाणे. मी कंट्रोल पॅनेल उघडलं आणि एकेक ओळ वाचली. डावीकडून प्रत्येक घराची किंमत १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. काळ्या घरांची बेरीज करायची. आठ ओळींचे आठ आकडे कागदावर लिहून वहिनींना दिले: १६, ४०, ६८, १४६, ६८, ४०, १६, ०. चौकटींची वही घरात असेल, तर तुम्हीही भरून बघा.