आपलें घर, आपलें टपालघर

३० सप्टेंबर २०१४ रोजीं ‘ऑर्कुट’ बंद झालें. भारतांतील असंख्य तरुणांची आपल्या शाळासोबत्यांशीं पुन्हां गांठ पडली होती ती तेथेंच. मालक असलेल्या गूगल कंपनीनें तीन महिने आधीं सूचना दिली, जुना मजकूर उतरवून घेण्याची सोयही ठेविली. परंतु शेजार मोडला तो मोडलाच. घरच कंपनीचें, तेथें भाडेकऱ्याच्या तक्रारीस जागा कोठली?

असा प्रसंग टाळतां यावा, ह्या हेतूनें कांहीं निराळीं सॉफ्टवेअरें निर्माण झालीं आहेत. तीं कोणासही विनामूल्य घेतां येतात व स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणजे अहोरात्र इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर, बसवितां येतात. मग वेगवेगळ्या सर्व्हरांवरील माणसें परस्परांशीं बोलतात तरी कशीं? पुण्याचें पत्र लंडनला पोहोंचतें, तें दोन्ही देशांचें टपालखातें एक आहे म्हणून नव्हे. १८७४ सालीं बर्न येथें अनेक राष्ट्रांनीं टपालाचे समान नियम ठरविले म्हणून. संगणकांच्या जगांत असाच एक करार ‘ॲक्टिव्हिटीपब’ ह्या नांवानें वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनें जानेवारी २०१८ मध्यें प्रमाण ठरविला.

ह्या सॉफ्टवेअरांचे गुण मात्र सारखे नाहींत. २०१० सालीं न्यूयॉर्क विद्यापीठांतील चार विद्यार्थ्यांनीं आरंभिलेल्या ‘डायस्पोरा’चा विशेष असा, कीं परिचितांचे गट पाडून घरची गोष्ट घरच्यांना व कचेरीची कचेरींतल्यांनाच सांगतां येते. पण त्याचे टपालनियम स्वतंत्र असल्यामुळें उपरोक्त कराराच्या जगांत त्याचें पत्र थेट जात नाहीं.

जर्मनींतील ऑयगेन रोख्को ह्यांचें ‘मॅस्टोडॉन’ २०१६ सालीं निघालें. सामान्यतः पांचशें अक्षरांची मर्यादा, सुटसुटीत मांडणी आणि मोठा वापर हें त्याचें बळ. नोव्हेंबर २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयांतील वकील संजय हेगडे ह्यांचें खातें ट्विटरनें बंद केल्यावर अनेक भारतीय तिकडे वळले. येथें सर्व्हर बदलल्यास अनुयायी बरोबर येतात, जुनें लिखाण मात्र मागेंच राहतें.

माइक मॅकगिर्व्हिन ह्यांनीं २०१० सालीं सुरू केलेलें ‘फ्रेंडिका’ हें दुभाष्याचें काम करतें. त्यास डायस्पोरा व मॅस्टोडॉन ह्या दोघांचीही भाषा येते. त्यांच्याच पुढील खटाटोपांतून ‘हब्झिला’ जन्मास आलें. त्यांत एकाच खात्याची सजीव प्रत दोन सर्व्हरांवर ठेवितां येते. एक बंद पडला तरी मनुष्य दुसऱ्यावर आपल्या लिखाणासह व परिचितांसह कायम राहतो. मात्र हें सुख त्याच कुळांतील सॉफ्टवेअरपुरतें, आणि शिकण्यासही तें अवघड.

घर आपलें झालें म्हणजे घराची डागडुजीही आपल्याकडेच आली. नव्या दुरुस्त्या वेळच्यावेळीं बसविणें, मजकुराची प्रत अन्यत्र ठेवणें, उपद्रवी पाहुण्यांस दाराबाहेर काढणें, हीं कामें नित्याचीं आहेत. तीं नको म्हणून दुसऱ्याच्या सर्व्हरवर राहावें, तर मॅस्टोडॉनवरील खाजगी निरोपही चालकाला वाचतां येण्याजोगे असतात. आणि चालक थकला कीं स्थान बंद होतें. ‘मॅस्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी’ २०२२ सालीं असेंच बंद झालें.

यास्तव केवळ सोयींची यादी पाहून निवड करणें फसवें ठरतें. भाड्याचें घर पाहतांना जाणता मनुष्य खोल्या मोजतो, तसेंच निघतांना आपलें सामान नेतां येईल ना, हेंही विचारतो. येथेंही तोच प्रश्न प्रथम विचारावा. ज्याला आपलें लिखाण व आपलीं माणसें घेऊन निघतां येतें, तोच तेथें खऱ्या अर्थानें निश्चिंतपणें राहूं शकतो.