पणतीचे पैसे आणि टाकीचे झाकण

पनवेल सोडून मुंबई-गोवा महामार्गाने निघाले की कर्नाळ्याचा सुळका मागे पडतो आणि तारा गाव लागते. इथे युसूफ मेहेरअली सेंटर आहे. ‘भारत छोडो’ ही घोषणा ज्यांच्या नावावर जमा आहे आणि जे १९४२ साली मुंबईचे महापौर होते, त्या मेहेरअलींच्या स्मरणार्थ १९६१ मध्ये ही संस्था उभी राहिली. उभी करणाऱ्यांत पुढे होते डॉ. जी. जी. पारीख. पेशाने डॉक्टर, मनाने समाजवादी, अंगावर कायम खादी. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, वयाच्या १०१व्या वर्षात ते गेले. ताऱ्याच्या आवारात दवाखाना आहे आणि तेलाची घाणी, साबण, मातीची भांडी असे ग्रामोद्योगही आहेत. एका हाताला औषध, दुसऱ्या हाताला काम. गावातला माणूस आजारी का पडतो, याचे निम्मे उत्तर त्याच्या रिकाम्या खिशात असते, हे ओळखून केलेली ही मांडणी आहे.

महाराष्ट्राला ती नवी नाही. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभारले. तिथल्या कुष्ठमुक्त माणसांच्या हातची भेटकार्डे आपल्यापैकी अनेकांच्या घरी येऊन गेली असतील. आनंदवन चालवणाऱ्या महारोगी सेवा समितीनेच १९७३ च्या डिसेंबरात भामरागडच्या जंगलात हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. मेंदूपर्यंत चढलेल्या हिवतापाचे रुग्ण तिथे कावडीतून, खाटेवरून यायचे. भेटकार्ड विकत घेणाऱ्याने त्या रुग्णाच्या गोळीचे पैसे दिले, असे हिशेबाच्या वहीत दाखवता येणार नाही. पण कार्ड आणि दवाखाना एकाच संस्थेचे होते, आणि कार्डामुळे दवाखान्याचे नाव शहरातल्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचले, एवढे नक्की.

थेंबाथेंबाने पैसा गोळा करण्याची आपली परंपरा तर याहून जुनी. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड जमवला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. रोगनिवारणासाठी असाच पैसा मागण्याची युक्ती डेन्मार्कमधल्या आयनार होलबॉल नावाच्या टपाल कारकुनाची. १९०४ च्या नाताळात त्याने क्षयरोगासाठी पाकिटावर चिकटवायचे शोभेचे तिकीट काढले. आपल्याकडे ते १९५० पासून ‘टीबी सील’ म्हणून आले. २ ऑक्टोबरला मोहीम सुरू व्हायची आणि शाळेत गुरुजी प्रत्येकाच्या हाती एक पान द्यायचे. ते खपवताना आधी आईचे, मग काकांचे आणि शेवटी शेजारच्यांचे पाकीट रिकामे व्हायचे. हिवतापाच्या वाट्यालाही तिकीट आले. ७ एप्रिल १९६२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या हाकेवरून शंभराहून अधिक देशांनी हिवताप निर्मूलनाची टपाल तिकिटे काढली. त्यांत भारतही होता.

तेव्हाचा उत्साह समजण्यासारखा होता. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख दगावायचे. डी. के. विश्वनाथन यांनी तेव्हाच्या मुंबई प्रांतातल्या धारवाड आणि कारवार भागात डीडीटीची फवारणी करून दाखवली, १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास उतरली. मग ढिलाई आली आणि डासही डीडीटीला सरावले. १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला. २०२३ मध्ये सरकारी नोंदीत हिवतापाचे मृत्यू ८३ आहेत. २०३० पर्यंत रोग हद्दपार करायचे ठरले आहे. १९६५ नंतर काय झाले हे ठाऊक असणारा माणूस या तारखेकडे जरा जपूनच पाहील.

आता येऊ पणत्यांकडे. दिवाळीच्या तोंडावर शाळा-महाविद्यालयांत, सोसायट्यांच्या फाटकाशी, बचत गटांच्या प्रदर्शनांत हस्तकलेची टेबले मांडली जातात. रंगवलेल्या पणत्या, कागदी आकाशकंदील, उटण्याच्या पुड्या, जुन्या साडीच्या पिशव्या. मागे फलक असतो: ‘समाजकार्यासाठी’. कोणते कार्य, हे फलकावर नसते. विकणाऱ्या मुलालाही बहुधा नीट सांगता येत नाही.

हिशेब करून बघू. समजा, दोनशे विद्यार्थ्यांनी प्रत्येकी १० पणत्या रंगवल्या. साधी पणती कुंभाराकडून ३ रुपयांना, रंग-ब्रश-चमकीचे २ रुपये, विक्री १२ रुपयांना. पणतीमागे ७ रुपये उरले, म्हणजे सगळ्या खपल्या तर १४ हजार. फुटक्या, उधारीच्या आणि मुख्याध्यापकांना भेट दिलेल्या वजा जाता बारा-तेरा हजार. मच्छरदाणी साडेतीनशेला धरली तर पस्तीसेक मच्छरदाण्या. हा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि छाती फुगवण्यासारखाही नाही. पस्तीस कोणाला द्यायच्या, यावर सारे अवलंबून आहे.

मच्छरदाणीची ताकद सिद्ध झालेली आहे. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाचे सुमारे ६६ कोटी रुग्ण टळले आणि त्यातले ६८ टक्के श्रेय कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांचे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. अशी एक मच्छरदाणी साधारण तीन वर्षे काम देते. म्हणूनच जगभर शाळकरी मुले ‘एक मच्छरदाणी, एक जीव’ अशा धर्तीवर पैसे गोळा करतात. ही कल्पना आपल्याकडे जशीच्या तशी उचलली तर मात्र फसगत होते, कारण पनवेलचा डास वेगळा आहे.

पनवेल तळ्यांचे गाव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे. डास वाढले की शिव्या या तळ्यांना आणि गटारांना बसतात. पण संध्याकाळी कानाशी गुणगुणून जीव नकोसा करणारे शहरातले डास साधारणपणे गटारातले क्युलेक्स असतात. ते हिवताप देत नाहीत. शहरी हिवताप देतो अ‍ॅनाफिलिस स्टीफेन्साय, आणि त्याला स्वच्छ पाणी लागते. गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, विहीर, पिंप, लिफ्टच्या खड्ड्यात साचलेले पाणी, नव्या स्लॅबवर सिमेंट मुरण्यासाठी केलेली पाण्याची आळी. उन्हाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य खाते सांगते ते या गणितामुळे.

मुंबईला हा धडा शंभर वर्षांपूर्वीच मिळाला होता. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी शहरातल्या हिवतापाचा अहवाल लिहिला आणि बोट ठेवले ते विहिरींवर. विहिरी बुजवा, झाका म्हटल्यावर पारशी आणि हिंदू समाजांतून धर्माच्या नावाने विरोध झाला. आज धर्माची सबब कोणी देत नाही. ‘झाकण मागच्या वादळात उडाले, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय घेतलाय’ ही सबब त्या जागी आली आहे. आणि हाच स्टीफेन्साय डास २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या जिबुतीत सापडला. तिथली शहरे आता आपल्या अनुभवाकडे डोळे लावून आहेत.

पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ची, रायगड जिल्ह्यातली पहिली. खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजे अशी बांधकाम न थांबणारी उपनगरे तिच्या हद्दीत आहेत. शेजारी उलव्याची टेकडी कापून, नदीचे पात्र वळवून, दहा गावे उठवून विमानतळ झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. हे सगळे ज्यांच्या हातांनी उभे राहते ते मजूर पत्र्याच्या खोल्यांत, स्लॅबवरच्या त्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर झोपतात. व्हायव्हॅक्स प्रकारचा हिवताप यकृतात दडून पुन्हा उलटतो. तो मुळातून जायला डॉक्टरांच्या देखरेखीखाली १४ दिवस प्रायमाक्वीन घ्यावे लागते. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, ठेकेदार पाचव्या दिवशी दुसऱ्या साइटवर नेतो, उरलेल्या गोळ्या उशाशी राहतात आणि परजीवी त्या माणसाबरोबर पुढच्या गावी जातो. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांचेही असेच.

म्हणून माझे मत असे की पणत्यांच्या पैशातली मच्छरदाणी फ्लॅटमध्ये जाऊ नये. खिडकीला जाळी आणि भिंतीवर वातानुकूलन असलेल्या घरात तिचा उपयोग फोटोपुरता. ती पत्र्याच्या खोलीत जावी, आणि बरोबर चार खिळे व सुतळी जावी. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपतात, तिथे ती टांगायची कुठे, हा प्रश्न देणाऱ्याला पडत नाही. मग ती भाजी झाकायला वापरली जाते आणि देणारा वर रागावतो.

दुसरी गोष्ट वेळेची. कोकणात हिवतापाचा जोर पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत. दिवाळी येईपर्यंत मोसम सरत आलेला असतो. पैसे दिवाळीत जमतात आणि फोटोसाठी दिवाळीतच वाटून टाकले जातात. ते बँकेत ठेवा आणि मे महिन्यात खर्च करा. जून हा हिवताप प्रतिरोध महिना. त्याआधी मच्छरदाण्या टांगून झाल्या पाहिजेत आणि टाक्यांची पाहणी आटोपली पाहिजे.

आणि तिसरी, मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती. हाताने बनवलेली प्रत्येक वस्तू विकायचीच कशाला? जे हात साडीच्या पिशव्या शिवतात तेच नायलॉनच्या जाळीचे तुकडे बेतून टाकीच्या हवा-नळीवर बांधायच्या टोप्या शिवू शकतात. बचत गटाच्या बाईला त्या शिलाईची मजुरी पणतीच्या नफ्यातून मिळावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी गच्चीगच्चीवर जाऊन त्या बांधाव्यात आणि झाकण नसलेल्या टाक्यांची यादी महापालिकेच्या हिवताप विभागाला द्यावी. अशी टोपी मच्छरदाणीपेक्षा स्वस्त, आणि एका टाकीवरची टोपी अख्ख्या इमारतीच्या कामी येते. शोभेचे म्हणाल तर तिच्यात काही नाही. प्रदर्शनात ती कोणी उचलून पाहणार नाही.

या दिवाळीत अशा टेबलापाशी थांबलात तर पणती जरूर घ्या, पण विकणाऱ्या मुलाला विचारा: पैसे कुठल्या वस्तीत जाणार, आणि कधी? उत्तर आले नाही तर त्याच्या शिक्षकांना विचारा. आणि घरी गेल्यावर गच्चीची किल्ली मागून घ्या, टाकीचे झाकण बसलेले आहे का ते स्वतः वर जाऊन पाहा.