अस्तराचा हात

विमानाच्या पंखावर शेवटचा पत्रा रिव्हेटने बसला की आतला रिबा आणि स्पार यांचा सांगाडा कायमचा झाकला जातो. पुढे कित्येक वर्षे त्या पोकळीत दव धरत राहते आणि तिथे कोणाचा हात पोहोचत नाही. म्हणून घरी विमान बांधणारे लोक सुटे भाग जोडण्याआधीच त्यांना प्रायमरचा, म्हणजे अस्तराचा, हात देतात. अमेरिकेत अशी मंडळी हजारोंनी आहेत. ओरेगन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या किटमधून बांधलेली दहा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत.

विमानाचा पत्रा बहुधा २०२४ जातीच्या मिश्रधातूचा असतो. ताकदीसाठी त्यात सुमारे ४.४ टक्के तांबे घालतात आणि तेच तांबे गंजाला वाट करून देते. म्हणून पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो. त्याला अल्क्लॅड म्हणतात. पण छिद्र पाडले, कड घासली, की तेवढ्या जागी हे कवच जाते. सांध्यातली ओल काय करते हे २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर दिसले. अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ च्या छताचा सुमारे साडेपाच मीटरचा भाग उड्डाणातच उखडला आणि एका हवाई सेविकेचा जीव गेला. सांध्यांची चिकटण सुटली होती, धातूला थकव्याच्या चिरा पडल्या होत्या, आणि देखभालीत ते पकडले गेले नव्हते.

पूर्वी यावर हिरवट-पिवळे झिंक क्रोमेट मारत. ते गंज उत्तम रोखते, पण त्यातले क्रोमियम कर्करोगकारक आहे. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये ते उडवणे धोक्याचे. पाण्यात मिसळलेल्या प्रायमरने ही अडचण बरीच हलकी केली. वास कमी, आगीची भीती कमी, आणि बरेचसे प्रकार ओले असताना फवारणीची गन पाण्याने धुता येते. मास्क मात्र सुटत नाही. दोन भाग मिसळून बनणाऱ्या इपॉक्सी प्रायमरचा तुषार फुप्फुसात जाता कामा नये.

खरी मेहनत गन हातात घेण्याआधीची. छिद्रांच्या कडा साफ करायच्या, तेलकटपणा काढायचा, स्कॉचब्राइट घासणीने पत्रा मंद होईपर्यंत घासायचा आणि पुन्हा धुवायचा. मग पाणी ओतून पाहायचे. ते अखंड पसरले तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन फुटले तर तेल अजून शिल्लक आहे. यानंतर उघड्या बोटांनी भागाला हात लावायचा नाही.

फवारणीला एचव्हीएलपी गन सोयीची: हवा भरपूर, पण गनच्या तोंडाच्या टोपीपाशी दाब १० पीएसआयच्या आत. त्यामुळे माल हवेत कमी उडतो, भागावर जास्त बसतो. गनमधल्या वाटा स्टेनलेस स्टीलच्या हव्यात, नाहीतर पाण्याने गनच गंजते. पातळ थर पुरतो. जाड थर ओघळतो आणि उगाच वजन वाढवतो. दमट हवेत पाणी सावकाश उडते, तेव्हा घाई करून दुसरा हात देऊ नये. इंधनाच्या टाकीची आतली बाजू आणि सीलंट लागणाऱ्या जागा कोऱ्याच ठेवायच्या, कारण सीलंटला उघडा धातू लागतो. विजेच्या अर्थिंगच्या जागाही तशाच.

कोणता प्रायमर घ्यावा यावर बांधणाऱ्यांचे वाद संपत नाहीत. माझे मत ठाम आहे: साधा प्रायमर स्वच्छ पत्र्यावर टिकतो, महागडा तेलकट पत्र्यावरून सुटतो. वेळ कुठे घालवायचाच असेल तर तो धुण्यात घालवावा.