फ्रीलान्स मंचांवरील मानांकन

फ्रीलान्स मंचांवरील मानांकन म्हणजे आंतरजालावरून सुटी कामे मिळवून देणाऱ्या मंचाने मुख्यतः ग्राहकांच्या अभिप्रायांवरून कामगाराला दिलेला विश्वासार्हतेचा अंक होय. शिरूर किंवा दौंड येथे राहून परदेशी ग्राहकाचे भाषांतराचे वा संगणकीय काम घेणाऱ्याची ग्राहकाशी प्रत्यक्ष ओळख नसते. तेथे हा अंकच ओळखीची जागा घेतो.

गणना

सर्वांत सोपी पद्धत सरासरीची आहे. प्रवासी वाहतुकीच्या उबर मंचावर चालकाचे मानांकन प्रवाशांनी दिलेल्या शेवटच्या ५०० मानांकनांची सरासरी असते. अपवर्क मंचावरील 'जॉब सक्सेस स्कोअर' मात्र टक्केवारीत असतो. त्यात उघड अभिप्रायासोबत ग्राहकाने मंचाला खासगीत कळवलेले मतही धरले जाते. ते कामगाराला दिसत नाही. ६, १२ व २४ महिन्यांचे अंक काढून त्यांतील सर्वोच्च अंक दाखवला जातो. 'टॉप रेटेड' श्रेणीसाठी किमान ९० टक्के आवश्यक असतात.

मर्यादा

सरासरीच्या पद्धतीत प्रतिकूल अभिप्रायाचा फटका नवख्या कामगाराला अधिक बसतो. पाच कामांपैकी चारांना ५ व एकाला १ तारा मिळाल्यास सरासरी ४.२ होते, शंभर कामांत असा एकच अभिप्राय असल्यास ती ४.९६ राहते. शिवाय एका मंचावर मिळवलेला अंक सामान्यतः दुसऱ्या मंचावर नेता येत नाही.

कायदा

भारताच्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग व मंच कामगारांची व्याख्या केलेली आहे. तिचा भर विमा, आरोग्य व वृद्धापकाळ यांविषयीच्या लाभांवर आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशात स्वयंचलित प्रणालीच्या निर्णयांचे स्पष्टीकरण कामगाराला मिळण्याची तरतूद आहे.