वैद्यकीय संदर्भशोधात नियतकालिकांची चाळणी

वैद्यकीय संशोधनाचे निष्कर्ष प्रथम नियतकालिकांतून प्रसिद्ध होतात व तेथून ते चिकित्सकांपर्यंत पोहोचतात. या नियतकालिकांची संख्या हजारोंच्या घरात असल्यामुळे हवा तो लेख नेमका शोधून काढणे हे एक स्वतंत्र शास्त्रच बनले आहे.

अमेरिकेतील जॉन शॉ बिलिंग्ज यांनी 1879 साली ‘इंडेक्स मेडिकस’ ही वैद्यकीय लेखांची सूची सुरू केली. पुढे हे कार्य तेथील राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने चालविले आणि 1971 साली ‘मेडलाइन’ ही संगणकीय सूची उपलब्ध करून दिली. तिचाच समावेश असलेले ‘पबमेड’ हे शोधसाधन 1997 पासून सर्वांना विनामूल्य खुले आहे. आज त्यात साडेतीन कोटींहून अधिक लेखांच्या नोंदी आहेत.

चाळणीचे प्रयोजन

एवढ्या प्रचंड संग्रहात एखादा शब्द टाकताच सहस्रावधी नोंदी समोर येतात. गव्हातील खडे वेगळे करण्यासाठी जशी चाळण, तशी येथे निरनिराळ्या निकषांची योजना केलेली आहे. प्रकाशनवर्ष, भाषा, लेखाचा प्रकार हे काही निकष होत. नियतकालिक हा त्यांपैकीच एक महत्त्वाचा निकष होय.

ही चाळणी लावण्याची रीत सोपी आहे. नियतकालिकाचे नाव लिहून त्यापुढे चौकटी कंसात टी व ए ही दोन रोमन अक्षरे घातली, की केवळ त्याच नियतकालिकातील लेख समोर येतात. अनेक नियतकालिके हवी असल्यास त्यांच्या नावांमध्ये ‘अथवा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द घालून सर्व नावे एका कंसात ठेवावीत व विषयाचे शब्द ‘आणि’ या अर्थाच्या शब्दाने त्यांस जोडावेत. याखेरीज केवळ मेडलाइनमधील नोंदी पाहण्याचीही सोय आहे. मेडलाइनमध्ये कोणते नियतकालिक घ्यावे याची शिफारस तज्ज्ञांची समिती करते.

एक उदाहरण

कोकणातील विंचूदंशाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाचा अभ्यास केला. या विषयावरील त्यांचे लेखन ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, तर प्रतिविष व प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे दाखविणारा अभ्यास 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. तथापि, या दोन उपचारांची तुलना करणारा त्यांचा 2007 चा लेख ‘असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया’च्या नियतकालिकात आहे. जो शोधक केवळ दोन विख्यात ब्रिटिश नियतकालिकांची चाळणी लावील, त्याच्या दृष्टीस हा भारतीय लेख मुळीच पडणार नाही. खड्यांबरोबर दाणेही गाळले जातात ते असे.

ज्या रोगांचा उपद्रव आपल्या भागात विशेष, त्यांवरील बरेचसे लेखन भारतीय नियतकालिकांत आढळते. यास्तव प्रथम चाळणीविना शोध घ्यावा, नोंदींची संख्या पाहावी व नंतरच चाळणी लावावी. लावलेली चाळणी पुढील विषयाच्या शोधापूर्वी काढावयास विसरू नये.

नाव म्हणजे हमी नव्हे

प्रतिष्ठित नियतकालिकातील प्रत्येक लेख निर्दोष असतोच असे नाही. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचविणारा, अवघ्या बारा बालकांवर आधारित लेख 1998 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तो 2010 साली मागे घेण्यात आला. परंतु दरम्यानच्या काळात अनेक पालकांच्या मनात लसीविषयी भय निर्माण झाले होते. नियतकालिकाची चाळणी अशा लेखास अडवू शकली नसती. म्हणून नोंदीवर ‘मागे घेतलेला लेख’ अशा अर्थाची सूचना आहे काय, हे अवश्य पाहावे.

शिक्षक, आरोग्य कर्मचारी व जिज्ञासू ग्रामस्थ यांना या साधनाचा उपयोग माहिती पडताळून पाहण्यासाठी करता येईल. मात्र लेख वाचून स्वतःच औषधयोजना करणे धोक्याचे आहे. विंचूदंश वा सर्पदंश झाल्यास संदर्भ शोधण्यात वेळ न दवडता रुग्णास तत्काळ नजीकच्या रुग्णालयात न्यावे, हेच श्रेयस्कर होय.