सुगीनंतरचा मोकळा वेळ आणि आपला व्यायाम

ज्वारी घरात आली, हरभरा झाला, गव्हाची मळणी उरकली. आता मृगाचा पाऊस पडेपर्यंत कोरडवाहू गावात बाईच्या हाताला काम कमी. बागायतवाल्यांचं वेगळं. जिथं पाणी लांबून आणावं लागतं, तिथल्या बायकांना तर मोकळा वेळ आहे असं म्हणणंच चूक. पण आमच्या गटांच्या बैठकीत यंदा बऱ्याच जणी म्हणाल्या, वेळ आहे तर व्यायाम करू, फक्त कोणता करायचा ते सांगा. कुणाला मोबाईलवर बघून आसनं करायचीत, कुणाला रोज दहा किलोमीटर चालायचंय. म्हणून आज त्याच्यावरच बोलू.

आधी नेहमीचा प्रश्न. "शेतात राबतो, तो व्यायाम नाही का?" शरीर हलतं, दम टिकतो, हे खरं. पण खुरपणी असो की कापणी, तासन् तास आपण एकाच बाजूला वाकलेल्या. मान खाली, कंबर पुढं, तोच हात चालतो. आणि थकलो म्हणून थांबता येत नाही, कारण ओळ पुरी करायची असते. व्यायामात ओझं किती, थांबायचं कधी, हे आपल्या हातात असतं. फरक तो आहे. शिवाय दोन महिने बसून काढले आणि जूनमध्ये एकदम पेरणीला, मग तणाला वाकलो, की कंबर धरते. हा मोकळा वेळ जूनची तयारी म्हणून वापरला तर उपयोगाचा.

कुठून सुरू करायचं ते कळायला एक सोपी परीक्षा आहे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर आडवे घ्या आणि हाताचा आधार न घेता उठा, बसा. अर्ध्या मिनिटात किती वेळा झालं ते शेजारणीला मोजायला सांगा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी वेळा जमलं, तर पायांतली ताकद कमी पडतेय असं धरतात. चाळिशीतल्या बाईला त्याहून जास्त जमायला हवं. कमी जमलं तर लाजायचं काही नाही. हेच उठणं-बसणं तिचा पहिला व्यायाम.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल असं चालणं किंवा तसं काम, आणि निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. १५० मिनिटं म्हणजे आठवड्याचे पाच दिवस अर्धा अर्धा तास. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. आपल्याकडं एप्रिल-मेचं ऊन बघता हे सकाळी आठच्या आत उरकायचं. साडीत चालायला हरकत नाही, पण घसरणारी चप्पल नको.

चालण्यानं दम वाढतो, हातापायांत ताकद मात्र फारशी येत नाही. त्यासाठी खुर्चीवरचं उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून छाती भिंतीकडं नेणं आणि मागं येणं, आणि उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणं. एकेक दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा. हात बळकट करायला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे एक किलोचं वजनच. हे रोज करू नका, मध्ये एक दिवस सोडा. स्नायू भरून येतो तो विश्रांतीत. वेळ भरपूर असला की नेमकं हेच विसरतं. पहिल्या दिवशी दोन तास, तिसऱ्या दिवशी अंग आखडलेलं, आणि पाचव्या दिवशी सगळंच बंद.

आता जी गोष्ट बैठकीत कुणी मोठ्यानं बोलत नाही, ती. खोकलं, हसलं, हंडा उचलला की लघवी थेंब थेंब होते. बाळंतपणं आणि डोक्यावरची ओझी यांनी खालचे स्नायू सैल पडतात. "वय झालं" म्हणून सासूबाईंनी सोसलं, आपणही सोसतो. पण याला व्यायाम आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, पाच सेकंद धरायचे, सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीन वेळा. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत. फरक दिसायला तीन महिने तरी लागतात. भाकरी थापताना, एसटीत बसून, कुठंही करता येतो, कुणाला दिसतही नाही. आमचं विचाराल तर एकच व्यायाम निवडायचा झाला तर चाळिशीपुढच्या बाईनं हा निवडावा.

अंग बाहेर येत असेल, पिशवीचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, दिवस गेलेले असतील, छातीत दुखत असेल किंवा बीपी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. चार पावलांत धाप लागत असेल तर रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या देशातल्या ५७ टक्के बायकांना रक्त कमी निघालं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. फार कमी असेल तर आधी गोळ्या आणि खाणं, मग वेग वाढवायचा. आशाताईंना विचारलं की तपासणी कुठं होते ते कळतं.

राहिलं निवडीचं. आता दोन तास मोकळे आहेत म्हणून दोन तासांचा बेत करू नका. पेरणीच्या दिवसांतही टिकेल तोच धरा. (योगदिन दरवर्षी २१ जूनला येतो, नेमका आपल्या पेरणीच्या धांदलीत!) आत्ता चालणं अर्धा तास ठेवा, ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा. जून लागला की चालणं सोडलं तरी चालेल, शेतात पाय चालतातच. तेव्हा उठणं-बसणं आणि खालच्या स्नायूंचा व्यायाम, एवढी दहा मिनिटं ठेवा. आणि खुरपून आल्यावर दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच वेळा हळूच मागं वाका.